सुलाआत्याचं मत

नाशिक, द्वारकेजवळ
२८ नोव्हेंबर १९८३

आत्या,

पायांवर डोकं ठेवते आणि लगेच भांडायला बसते. रागावू नकोस, भांडायला तूच शिकवलंस.

परवा आपला रंगनाथ येऊन गेला. पिंपळगावहून कुणाच्या तरी टेम्पोत बसून द्वारकेच्या चौकात उतरला, छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि तो गठ्ठा मांडीवरून न उतरवता माझ्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली. ग्रामपंचायतीला उभा राहिलेला माणूस घास तोंडात असतानासुद्धा भाषण करतो, हे मला नवीनच. खालच्या आळीत नळ आणणार, बायकांची नदीवरची पायपीट थांबवणार, सगळं ऐकून घेतलं. पण खरं सांगू, कौतुक वाटलं गं. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना तू वाढवलंस, आणि त्यातला हा शेंबडा आज गावापुढे हात जोडून उभा आहे! समोर उभा कोण, तर पाच वर्षं त्या जागेवर बसलेला, आपल्याच भावकीतला कोंडाजीदादा. जागा एक, उभे दोघंच.

हात धुताना मात्र हळूच म्हणाला, "ताई, आत्या म्हनती औंदा मत देनार नाय."

मला थट्टा वाटली. म्हटलं, का रे? तर खाली बघत म्हणाला, "मला काय ठावं? तूच लिही तिला."

त्याला ठाऊक नसेल, मला आहे. गावची भागीबाई भाजी घेऊन इकडे येते, तिनं सांगितलं. कोंडाजीदादाच्या जीपवरून ओरडतात म्हणे, 'नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं वाढवलेला पोरगा गाव काय सांभाळणार!' तुझं नाव असं रस्त्यावर आणायची हिंमत कशी झाली त्यांची? तू एवढी दुखावलीस यात नवल नाही. पण म्हणून घरात बसलीस तर त्यांचंच फावेल. मतदान अठरा तारखेला, रविवारी. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, त्यांच्या जीपसमोरून जा. माझं एवढं ऐक.

तुझी भांडकुदळ
मैना


आंबेखेडे, ता. निफाड
३ डिसेंबर १९८३

चि. मैनास आशीर्वाद, आणि जावईबापूंना विचारल्याचं सांग.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी द्राक्षाच्या मांडवाखाली होते. विरळणी चालू आहे. घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. दिवसभर मान वर करून मान आखडते, हातही भरून येतो. अक्षर वाकडं आलं तर चौथीच्या मास्तरांना दोष देऊ नको.

पहिली गोष्ट, मला कुणी टाकलेलं नाही. मी टाकून आले. तो हात उचलायचा, एक दिवस मी बोचकं उचललं. कोंडाजीच्या भोंग्याला एवढंच दुरुस्त करून सांगायचं होतं, पण जीप थांबतच नाही. त्यानं मी दुखावले असं तुला वाटतं? अगं, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकते. तेव्हा भोंगा नव्हता, पाणवठा होता, एवढाच काय तो फरक.

आणि मताचं मला शिकवू नको. पहिल्या निवडणुकीच्या आधी मास्तर दारोदार यादी करत आले. आळीतल्या बायका म्हणायच्या, "लिवा, धोंडीरामची आई." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं सांगायला लाज. मी म्हटलं, लिहा सुलाबाई, बाप सावळीराम. मास्तरांनी वर बघितलं आणि लिहिलं. पुढे त्या सगळ्या आया यादीतून गळाल्या, मी राहिले. आजवर एक मतदान चुकवलेलं नाही. मतदानाच्या खोलीत मला कुणी विचारत नाही की तुझा नवरा कुठे आहे. नाव विचारतात आणि शाई लावतात. मला ते फार आवडतं.

मग आताच काय झालं, असं विचारशील. काही नाही. वय झालं, भोंग्यानं कान किटले. एवढंच समज आणि जास्त उकरू नको. तुझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्या ठेवल्यात तळायला, भागीबाईबरोबर पाठवते.

तुझी
आत्या


नाशिक
७ डिसेंबर १९८३

आत्या,

बिबड्या पोचल्या आणि अर्ध्या तळूनही झाल्या. पण बिबड्यांनी माझं तोंड बंद होणार नाही.

वय झालं म्हणे! दिवसभर मांडवाखाली मान वर करून उभी राहणारी बाई, शाळेपर्यंत चालत जाऊन शिक्का मारायला थकली? मी तुझ्या हाताखाली वाढले आहे. तू 'काही नाही' म्हणतेस तेव्हा काहीतरी मोठंच असतं.

तुझ्या जावयांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "आत्याबाई शहाण्या आहेत. दोन्हीकडे चिखलच, पाय कशाला भरवायचे?" हे स्वतः कधी मत द्यायला जात नाहीत. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून सगळ्या पुढाऱ्यांची टवाळी करायची आणि मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचं, हे यांचं राजकारण. मी म्हटलं, तुम्ही आळशी आहात, आत्या आळशी नाही, तिचं दुखणं वेगळं आहे. त्यावरून आमचा दोन दिवस अबोला चालला आहे. त्याचंही पाप तुझ्याच माथी.

तुला काही बोलवत नसेल तर तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायला हवं. म्हणून मी भागीबाईच्या हाती रंगनाथला चिठ्ठी पाठवली आहे. लिहिलंय, आत्याबद्दल बोलणाऱ्यांना असं उत्तर दे की पुन्हा त्यांची जीभ उचलली जाता कामा नये. त्यांच्याही घरात बायका आहेत म्हणावं. बघच आता कसे गप्प बसतात. मग तरी जाशील ना मताला?

तुझी
मैना


आंबेखेडे
१२ डिसेंबर १९८३

मैना,

आज आशीर्वादाआधी कान धरते. तुझी चिठ्ठी रंगनाथनं त्याच्या जीपवर भोंगा धरणाऱ्या झिपरूला वाचून दाखवली, आणि झिपरू हसून म्हणाला, "ताई लय उशिरा सांगत्यात, आपन तर कवाच चालू केलंय."

तुझ्यापासून लपवलं ते आता लिहिते. भाऊ बहिणीच्या मनातून उतरावा असं कुठल्या आत्याला वाटेल? म्हणून वयाचं निमित्त केलं होतं.

कोंडाजीच्या माणसांनी माझ्यावर तोंड टाकलं, त्याच्या आधी आपल्या रंगनाथच्या जीपवरून कोंडाजीच्या बायकोचं, नवसाबाईचं नाव निघालं. 'नवसाबाई दोन वरसं माहेरी का व्हती, इचारा कोंडाजीला! कुनासंगं व्हती, इचारा!' सगळ्या गावाला ठाऊक आहे, तिच्या आईला अर्धांगवायू झाला होता, पाठी भाऊ नाही, ती आईचं हगणं-मुतणं काढत होती. रंगनाथला तर चांगलं ठाऊक, कारण तिच्या आईला निफाडच्या दवाखान्यात नेणाऱ्या बैलगाडीवर तोच बसला होता. तरी त्यानं झिपरूला अडवलं नाही. उलट तेच पत्रकावर छापलं. तुझ्या घरी मांडीवर गठ्ठा घेऊन जेवला ना? त्यातलं एक पत्रक त्यानं तुला दाखवलं का?

मी त्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, निवडणुकीत असंच असतं. ते तुला बोलले नाय का?" म्हणजे माझ्या अब्रूची भरपाई त्या पोरीच्या अब्रूनं करायची! तेव्हाच म्हटलं, या वर्षी माझं मत कुणालाच नाही.

परवा चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात सगळ्या भावकीनं तळी उचलली, येळकोट झाला, भरीत-रोडगा झाला. कोंडाजी प्रसाद घेऊन घरी गेला आणि झिपरू भंडाऱ्याचं ताट घेऊन दारात बसला. एकेकानं भंडारा उचलायचा आणि बोलायचं, मत रंगनाथला. आपल्याकडे भंडारा उचलून बोललेलं कुणी मोडत नाही, तुला माहीत आहे. माझ्यापुढून ताट तसंच सरकलं, घरचं माणूस म्हणून. मी म्हटलं, "मला वगळू नको." भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ज्यानं बाईच्या अब्रूवर मत मागितलं त्याला माझं मत नाय. मग तो घरचा असो नायतर दारचा."

रंगनाथ उठून गेला.

मला वाटलं, झालं, मी सुटले. कसली सुटते! सकाळी कोंडाजीची जीप दारावरून गेली. 'रंगनाथला घरचंबी मत नाय! सख्ख्या आत्यानं भंडारा उचलला!' घरच्याचं सांगितलं आणि दारच्याचं गिळून टाकलं. मी गप्प बसायचं ठरवलं, तर माझ्या गप्प बसण्याचाही त्यांनी भोंगा केला. आता मत न द्यावं तर मी कोंडाजीचं काम केल्यासारखं होतं, आणि द्यावं तर भंडारा आडवा येतो. अशी अडकले आहे.

रंगनाथ माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर जेवतो, एवढंच.

आत्या


नाशिक
१४ डिसेंबर १९८३

आत्या,

तुझं पत्र वाचून भिंतीला टेकून बसले. त्या गठ्ठ्याशेजारी मी त्याला कौतुकानं भाकरी वाढत होते, आणि 'त्यांच्याही घरात बायका आहेत' हे मी माझ्या हातानं लिहिलं. नवसावहिनीनं माझ्या लग्नात माझी वेणी घातली होती. कुठल्या तोंडानं गावी येऊ?

नको देऊस मत. दोघांपैकी कुणालाच नको. कोंडाजीदादा काय ओरडायचं ते ओरडू दे. देवळात सगळ्या भावकीसमोर, पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या माणसाविरुद्ध तू ताट मागून घेऊन बोललीस, हे वाचताना माझा ऊर भरून आला. मला जमलं नसतं. मी 'आपला तो आपला' म्हणून गप्प बसले असते. यांनाही वाचून दाखवलं. म्हणाले, "आपण टवाळी करतो ती फुकटची. हिनं किंमत मोजून नाही म्हटलं." अबोला मोडला, हे वेगळं सांगायला नको.

रंगनाथला आजच कडक पत्र टाकलं आहे. लिहिलंय, वहिनीची माफी माग, नाहीतर राखीला माझ्या दारात येऊ नको.

तुझी
मैना


आंबेखेडे
१८ डिसेंबर १९८३, दिवेलागण

चि. मैनास आशीर्वाद.

तू 'नको देऊस' म्हणालीस आणि मी मत देऊन आले. आता ऐक.

गुरुवारी आम्ही मांडवाखाली होतो. शेजारच्या ओळीत कुणीतरी येऊन कात्री चालवायला लागलं. बघते तर नवसाबाई. तिच्या घरचा बाग नाही, तिला कुणी बोलावलं नव्हतं. बायकांच्या कात्र्या थांबल्या. ती दोन-तीन घड विरळून झाल्यावर म्हणाली, "आत्याबाई, माझ्यापायी तुम्ही मत देईना म्हनं."

म्हटलं, "तुझ्यापायी नाय गं. माझं मलाच देववत नाय."

"ते काय बी असू द्या. मला बोलले त्यांचं पाप त्यांच्यापाशी. पन खालच्या आळीला पानी कोन आनील ते तरी बगा. आमच्या मालकांनी पाच वरसांत आनलं नाय, मीच रोज नदीवर हंडा घिऊन जाती. तुमचं मत फुकट गेलं तर माझ्या अब्रूला काय मिळालं? उलट तुमचं नाव घिऊन आमची जीप वरडती, ते ऐकून मला जेवन गोड लागत नाय."

मी म्हटलं, "भंडारा उचललाय मी."

"माझ्यासाठी उचलला ना? मग मीच सोडवती." तिनं पदराच्या गाठीतून भंडारा काढला, माझ्या कपाळाला लावला, आणि मांडवाबाहेर जाऊन देवळाच्या दिशेला हात जोडले. "देवा, जिच्यावर बोललं गेलं ती मी. माझी काय बी तक्रार नाय, आत्याबाईंना मोकळं कर."

मैना, मी साठीला टेकलेली बाई, पण त्या मांडवाखाली मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी रागावून घरात बसले होते आणि त्यालाच मोठेपण समजत होते. ही पोर एवढं सोसून आळीच्या पाण्याचा विचार करत होती. म्हटलं, "तू कुनाला देनार गं?" तर हसली, "ते घरात बी सांगितलं नाय."

शुक्रवारी रंगनाथ आला. किती दिवसांनी माझ्यासमोर बसला. तुझं पत्र खिशात होतं. म्हणाला, "आत्या, चुकलं माझं. आज सांजच्याला जीपवरून वैनीची माफी मागतो." मला बरं वाटलं. तेवढ्यात दारातून झिपरू म्हणाला, "लय भारी व्हईल. बायकांची समदी मतं फिरतील."

मी म्हटलं, "मग मागायची नाय."

रंगनाथकडे वळले. म्हटलं, "एकदा तिचं नाव घिऊन मतं मागितलीस. आता दुसऱ्यांदा तिचंच नाव घिऊन मागनार? मतं पडू दे. जिंकलास तरी जा, हरलास तरी जा. जवा तुला कुनी मत देनार नसंल, तवा माग माफी."

रंगनाथ उठून दारात गेला. मग झिपरूला म्हणाला, "जीप ने परत. भोंगा काढून ठिव." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माफी मागतो म्हटलं ना आत्या, जाईन."

आज सकाळी नवसाबाई दारात आली. "चला," म्हणाली. दोघी निघालो. शाळेच्या रस्त्याला एका बाजूला कोंडाजीचा मांडव, दुसऱ्या बाजूला रंगनाथचा. एका मांडवात माझं नाव भोंग्यावर घेणारे, दुसऱ्यात तिचं. आम्ही मधून चाललो, माझा हात तिच्या हातात. कुणी यादीतल्या नंबराची चिठ्ठी द्यायलासुद्धा पुढे आलं नाही. कोंडाजी खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. रांगेतल्या बायकांनी आम्हाला पुढे जा म्हटलं, पण आम्ही रांगेतच थांबलो. बाहेर येऊन तिनं बोटाची शाई मला दाखवली आणि मी तिला.

मत कुणाला दिलं ते विचारू नको. निकाल उद्या आहे.

तुझी
आत्या


नाशिक
२१ डिसेंबर १९८३

आत्या,

भागीबाई सांगून गेली. रंगनाथ पडला, आणि तेही थोडक्यात. मी रडले. तो चुकला हे खरं, पण माझा भाऊ आहे, आणि आळीला नळ आणण्याचं त्याच्या मनात खरंच होतं. झिपरू म्हणे गावभर सांगतोय की भोंगा बंद केला म्हणून हरलो, आणि भोंगा आत्यानं बंद करायला लावला. तुला घालूनपाडून बोलतोय का? बोलत असेल तर मी येऊन बघते त्याच्याकडे.

तुझं मागचं पत्र आमच्याकडे सगळ्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "उमेदवारच चुकले तुमच्या गावाचे. त्या दोघींना उभं करायला हवं होतं." यंदाच्या मतदारयादीत आपलं नाव आहे की नाही ते बघायला परवा स्वतःहून गेले होते. मी हसू दाबून धरलं.

दोनच गोष्टी विचारते. विचारू नको म्हणालीस तरी विचारते. तू मत कुणाला दिलंस? आणि रंगनाथ गेला का वहिनीकडे?

तुझी
मैना


आंबेखेडे
२४ डिसेंबर १९८३

मैना,

झिपरूची काळजी करू नको. तो बोलतो आणि मग माझ्याकडेच चहा मागायला येतो.

सोमवारी निकाल लागला तेव्हा रंगनाथ येऊन ओट्यावर बसला. पाणी दिलं, प्याला नाही. तिकडे कोंडाजीच्या दारात हलगी वाजत होती, गुलाल उडत होता. मी त्याला आठवण केली नाही. तोंड घट्ट मिटून चूल पेटवत बसले. मी सांगून गेला असता तर ते माझं जाणं झालं असतं.

थोड्या वेळानं उठला. वाटलं, मळ्यात जातोय. तर टोपी घालून हलगीच्या आवाजाकडे निघाला. मी मागून गेले. लोकांना वाटलं हा भांडायला आला. दोघंजण आडवे झाले, हलगी थांबली. हा म्हणाला, "वैनींना भाईर बोलवा."

नवसाबाई ओल्या हातानं बाहेर आली. त्यानं टोपी काढली आणि सगळ्या गुलालातल्या माणसांसमोर म्हणाला, "वैनी, माझ्या जीपवरून तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं व्हतं. मला ठावं व्हतं खोटं हाय म्हनून. तुमच्या आईच्या गाडीवर मीच व्हतो. तरी मी बोलू दिलं, छापलं बी मीच. झिपरूचा दोष नाय. आता मला कुनाचं मत नको, म्हनून आलोय."

कुणीतरी मागून हसलं, दुसऱ्यानं त्याला दाबलं. नवसाबाईनं पदराला हात पुसले. मग डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बसा भाऊजी. च्या टाकती." हा तिथेच, जिंकलेल्याच्या ओट्यावर, हरलेला माणूस चहा पिऊन आला. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कुठलंही भाषण न करता झोपला.

कोंडाजी मला अजून काही बोललेला नाही. वाटेत भेटला की मान खाली घालतो. बोलेल तेव्हा बोलेल.

आता तुझा पहिला प्रश्न. मत मी रंगनाथला दिलं. पण तुला खरं सांगते, शिक्का मारताना माझा हात कापत होता. घरचा म्हणून देते की नळ आणील म्हणून देते, मला धड कळत नव्हतं, आणि हा दिलेला शब्द पाळील याचा भरवसा नव्हता. वाढवलेलं पोर असूनही नव्हता, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? त्या ओट्यावर त्याला टोपी काढताना बघितलं, आणि वाटलं, पुन्हा मत द्यायचं असतं तर आज हात कापला नसता.

तुझी
आत्या